पाठीचा बोल्ट

क्रूसावरच्या मूर्तीचं वजन खिळ्यांवर नसतं. चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, आणि असायचं काही कारणही नाही. तळहातांतले आणि पावलांतले खिळे दिसायला असतात. दोन माणसांना मिळून उचलावी लागणारी ती लाकडी मूर्ती खरी पेलतो तो पाठीतला एक बोल्ट. क्रूसाच्या मागच्या अंगाने तो आत घालायचा, मूर्तीच्या पाठीत बसवलेल्या नटात फिरवायचा आणि पान्याने घट्ट आवळायचा. समोरून बघणाऱ्याला वाटतं, बिचारा खिळ्यांवर लटकलाय.

ताईला हे कळत्या वयापासून माहीत होतं. मूर्ती कोरणाऱ्याच्या घरात वाढली की अशा गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. बाबा कोरायचे. धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली शिकला आणि आता त्यांच्यापेक्षा बरे चेहरे कोरायचा, पण हे बाबांसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. ताई रंगवायची. अंगाचा रंग, केस, कमरेचं वस्त्र आणि सगळ्यात शेवटी जखमा. जखमांचा रंग वाळला की बोल्टही तिनेच आवळायचा, कारण बाबांचा नियम होता की ज्याचा हात शेवटचा, जबाबदारी त्याची. बाबांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि बाबांचा शब्द ताईने कधी खाली पडू दिला नाही. आई गेली तेव्हा बाबा म्हणाले, शाळा पुरे, धाकट्याकडे कोण बघणार? ती म्हणाली, हो. धाकट्याने कलाशाळेत जायचं ठरलं तेव्हा बाबा म्हणाले, रंगकाम तू सांभाळ. ती म्हणाली, हो. पुढे पुस्तकं बांधणारा एक भला माणूस तिला मागणी घालायला आला. बाबा म्हणाले, एवढ्यात नको, कारखान्याचं काय होईल? यावरही ती हो म्हणाली आणि तसा निरोप स्वतःच त्या माणसाला देऊन आली. त्याने थोडी वाट पाहिली आणि मग दुसरीकडे संसार थाटला. धाकटा तिला लहानपणापासून 'होयबाई' म्हणून चिडवायचा. ती चिडायची नाही. तिला या सगळ्याचं दुःख होतं का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, कारण तिने स्वतःलाही ते कधी विचारलं नव्हतं.

धाकट्याला आईविना वाढवताना तिने त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. मोठा होऊन त्याचं लग्न झालं, घरात भावजय आली, तीही शहाणी निघाली. मग त्याचे पाय सुजायला लागले. सकाळी उठला की डोळ्यांखाली पिशव्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळपास संपली आहेत. आता एक दिवसाआड त्याला रक्त धुऊन घ्यायला हॉस्पिटलात जावं लागायचं. परत आला की तो कापडाच्या बोळ्यासारखा पडून राहायचा. दुसऱ्या दिवशी जरा उठून बसायचा, पटाशी हातात घ्यायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा यंत्र. असं फार काळ चालणार नाही, हे डॉक्टर बोलले नाहीत, पण त्यांच्या न बोलण्यातून ते घरातल्या सगळ्यांना ऐकू आलं.

कुणीतरी आपलं एक मूत्रपिंड द्यायला हवं होतं. बाबा पुढे झाले. त्यांचं वय आणि त्यांची साखर बघून डॉक्टरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. भावजयीचं रक्त जुळलं नाही. त्या दिवशी जेवताना बाबांनी ताईकडे न बघताच सांगितलं, "आता तू दे."

"हो," ताई म्हणाली, आणि मीठ हवं होतं त्याला मीठ दिलं.

भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटा खाली मान घालून जेवत होता. त्याने मान वर केली नाही.

तपासण्या पुष्कळ दिवस चालल्या. ताईचं रक्त काढलं, फोटो काढले, तिला पाणी पाजून बसवलं, चालवलं, पुन्हा रक्त काढलं. सगळं जुळत गेलं. एवढं जुळतं म्हणजे नशीबच, असं तिथली मुलगी म्हणाली. ताईला आपलं अंग हे कुणा दुसऱ्याने नीट ठेवलेल्या कपाटासारखं वाटायला लागलं. शेवटी तिला एका छोट्या खोलीत पाठवलं. तिथे दोन खुर्च्या होत्या, मध्ये टेबल नव्हतं, खिडकीत एक मरगळलेलं झाड होतं, आणि सर्दीने बेजार झालेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या.

"मी तुमच्या भावाची डॉक्टर नाही," बाई नाक पुसत म्हणाल्या. "त्यांचं बघायला वेगळी माणसं आहेत. मी फक्त तुमची."

"मला काही झालेलं नाही."

"म्हणूनच. हे द्यायचं कुणाच्या मनात आलं?"

"बाबांच्या."

"आणि तुमच्या मनात काय आहे?"

ताईला हा प्रश्न चमत्कारिक वाटला. "बाबांनी सांगितलं म्हटल्यावर..." ती म्हणाली आणि थांबली, कारण पुढे काय म्हणायचं असतं ते तिला सुचलं नाही.

"त्यांनी सांगितलं नसतं तर?"



बाई शिंकल्या, माफी मागितली आणि म्हणाल्या, "हे बघा, दार बंद आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी बाहेर एवढंच सांगते की या दाता म्हणून योग्य नाहीत. कारण मी कधीच कुणाला सांगत नाही. खरोखर काही दोष सापडला तरी नाही, आणि माणसाने नको म्हटलं तरी नाही. त्यामुळे कुणाला काही कळत नाही. भावालाही नाही, वडिलांनाही नाही."

"तुम्ही असं पुष्कळांना सांगता?"

"प्रत्येकाला."

ताईने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना जखमांचा लाल रंग बसला होता. तो कधीच पुरता जात नसे. तिला वाटलं, आपण आता हो म्हणू, कारण आपण हो म्हणतो. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "नाही."

तो शब्द तिच्या तोंडून इतका सहज निघाला की तिलाच आश्चर्य वाटलं. बाईंना वाटलं नाही. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि दार उघडून दिलं.

सुंठीवाचून खोकला गेला होता. ताई हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये गेली. तिला सपाटून भूक लागली होती. तिने लोणी लावलेला पाव मागवला, तो खाऊन आणखी एक मागवला. तिला आनंद झाला होता. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. खिडकीबाहेर लोक रस्ता ओलांडत होते, एक बाई छत्री उघडायला झगडत होती, आणि ताईला ते सगळं बघायला फार बरं वाटत होतं. भाऊ वर दुसऱ्या मजल्यावर यंत्राला लावलेला होता, हे तिच्या लक्षात होतं. तरीही पाव गोड लागला.

घरी बाबांचा विश्वास बसेना. "योग्य नाही म्हणजे? एवढी धडधाकट बाई! काय झालंय तुला?"

"सांगत नाहीत ते."

बाबांनी डॉक्टर या जातीबद्दल बरंच काही ऐकवलं. मग ते बोलता बोलता तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मुलीलाच काहीतरी मोठं दुखणं असेल आणि ते आपल्यापासून लपवत असतील, असं त्यांच्या डोक्यात शिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः तिच्यासाठी दूध घेऊन आले. जन्मात कधी पेलाभर पाणी हाताने न घेतलेला माणूस. अर्धं दूध बशीत सांडलं होतं. "पी," ते म्हणाले. तिने ते प्यायलं. खाली वाकून जड काही उचलू नकोस, असं त्यांनी बजावलं. भावजय म्हणाली, "ताई, मनाला लावून घेऊ नका हो. तुम्ही तयार झालात, यातच सगळं आलं." धाकट्याने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात तिला नकोसा झाला.

खोटं बोलणं सोपं असतं. ते खरं मानून लोक प्रेमाने वागायला लागले की मग जीव घुसमटतो. ताईला शिव्या चालल्या असत्या. पण रोज सकाळी दूध येत होतं.

त्या दिवसांत कारखान्यात एक मोठी मूर्ती तयार होत होती, पलीकडच्या वस्तीतल्या नव्या चर्चसाठी. चेहरा धाकट्याने आजारपणाच्या आधी कोरून ठेवला होता, अंग बाबांनी पुरं केलं. मूर्ती क्रूसावर उताणी ठेवलेली, खिळे ठोकलेले. ताई उजव्या तळहाताची जखम रंगवत होती तेव्हा भावजयीचा फोन आला की यंत्रावर असताना धाकट्याची शुद्ध हरपली होती, आता आली आहे, पण या. ताईने ब्रश धुतला, हात पुसले आणि ती गेली. रात्री उशिरा परतली. सकाळी रंग वाळलेला होता, मूर्ती पुरी झालेली दिसत होती. न्यायला माणसं आली, त्यांनी ती गवतात गुंडाळून पेटीत घातली. पान्याला ताईचा हात लागलाच नव्हता. समोरून बघितलं तर बोल्ट असलेली मूर्ती आणि नसलेली मूर्ती यांत काडीचा फरक दिसत नाही. या चुकीची गंमत तीच आहे.

काही दिवस ती खिळ्यांवर टिकली. नंतर चर्चच्या फादरांचा फोन आला.

बाबा आणि ताई गेले. मूर्ती पुढे झुकली होती. डाव्या खांद्याचा सांधा उघडा पडला होता, आणि उजवा तळहात खिळ्यापासून बोटांच्या बेचक्यापर्यंत उभा चिरला होता. खाली वेदीवर लाकडाच्या बारीक ढलप्या आणि रंगाचे पोपडे पडले होते. आता कुठल्याही क्षणी हात सोडवून घेऊन हा माणूस निघून जाईल, असं दिसत होतं.

फादर उंच, थकलेले गृहस्थ होते. ते रागावले नव्हते. "आम्ही इथे उभं राहून लोकांना सांगतो की त्याला खिळ्यांनी धरून ठेवलं नव्हतं, तो स्वतःहून राहिला होता," ते म्हणाले. "तुमच्या मूर्तीला मात्र खिळ्यांनीच धरलंय. आणि बघा, नाही जमलं त्यांना."

"बोल्ट राहिला, फादर," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आख्ख्या हयातीत असं घडलं नव्हतं. ते ताईकडे वळले. "कुणी आवळला होता?"

"मीच आवळायचा होता. विसरले."

ताईला वाटलं, आता ओरडतील. तिने मनातल्या मनात पाठ टेकवून घेतली. पण बाबांनी फादरांचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरीच्या मनावर परिणाम झालाय हो. भावाला मूत्रपिंड द्यायला निघाली होती. देवाने घेतलं नाही. तेव्हापासून तिचं चित्त ठिकाणावर नाही."

फादर तिच्याकडे बघून म्हणाले, "देवाला तुमची इच्छा पोचली असेल, बाई."

ताई फरशीकडे बघत राहिली. फरशीवर लाल रंगाचा एक पोपडा पडला होता, तो तिने उचलून खिशात टाकला.

मूर्ती कारखान्यात परत आली. मोडलेला हात धाकट्याने मागून घेतला. बाबांनी नको म्हटलं तरी ऐकलं नाही. यंत्राचे दिवस सोडून तो येऊन बसायचा. एका हाताची शीर डॉक्टरांनी सुया टोचण्यासाठी फुगवून ठेवली होती, तो हात मांडीवर सांभाळून ठेवायचा, आणि दुसऱ्याने काम करायचा. चिरेत सरस भरायचा, दाबून धरायचं, वाट बघायची. दाबून धरायला ताई. एका दुपारी बाबा लाकूड बघायला बाहेर गेले होते. दोघंच होती.

"होयबाई," धाकटा म्हणाला, "तुला एक सांगू? रागावणार नाहीस?"

"मी कधी रागावले?"

"तेच तर. तू योग्य नाहीस म्हणाले ना, तेव्हा मला बरं वाटलं."

ताईचा हात सैल झाला. "घट्ट धर," तो म्हणाला. तिने धरलं.

"मरायचं नाहीये मला," तो पुढे म्हणाला. "भीती वाटते. झोपताना तर फार वाटते. पण तू दिलं असतंस ना, ते बाबांनी सांगितलं म्हणून. कलाशाळेसारखं. मी तिकडे मजेत चित्रं काढत होतो आणि तू इथे घासकाम करत होतीस. तू ते मला दिलंस, की तुझ्याकडून काढून घेतलं आणि मला दिलं? मला आजवर कळलेलं नाही. कधी विचारायचं धाडस झालं नाही. आता तेच पुन्हा पोटात घेऊन जगायचं? मी बाबांना सांगणार होतो की नको म्हणून. जेवताना तोंडाशी आलं होतं. पण सांगवलं नाही, कारण जगायचंही होतं. मग डॉक्टरांनीच नाही म्हटलं, तर सुटल्यासारखं झालं."

"आणि आता?"

"आता काय. यादीत नाव आहे. कुणी अनोळखी मेला तर मिळेल." तो हसला. "मी देवाकडे काय मागू, सांग बरं. मागायचीच पंचाईत."

तो दमला आणि आत जाऊन आडवा झाला. ताई मूर्तीचा हात धरून बसली. सरस वाळेपर्यंत हात सोडता येत नाही, त्यामुळे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. समोरच्या फळीवर सरसाच्या डब्याशेजारी एक लहान मूर्ती होती. तोच, क्रूसावर जायच्या आदल्या रात्री बागेत गुडघ्यांवर बसलेला, कपाळावर घाम. बाबांनी हौसेने कोरली होती, घामाचे थेंब ताईने काढले होते, आणि ती कुणी कधी मागितली नाही. लोकांना तो एकतर जन्मलेला हवा असतो, नाहीतर मेलेला. घाबरलेला कुणाला नको असतो.

हे मला नको, टळत असेल तर टाळ, असं त्याने तिथे आकाशातल्या बापाला म्हटलं होतं. ताईला ते लहानपणापासून पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टींकडे माणूस बघत नाही. आज तिने बघितलं. त्यानेही आधी नकोच म्हटलं होतं. आणि धरायला माणसं अजून यायची होती, बागेला काही तुरुंगाची भिंत नव्हती. अंधार होता, सोबतचे सगळे झोपले होते. उठून दुसऱ्या बाजूने चालायला लागला असता तर कोण अडवणार होतं? तो उठला, आणि येणाऱ्यांच्या दिशेने गेला. कुणी ओढत नेल्यावर जाणं आणि हे जाणं, बाहेरून बघितलं तर सारखंच दिसतं.

तिच्या लक्षात आलं की तिला कुणीच धरलेलं नाही. बाबांनी हात सोडला होता. डॉक्टरीणबाईंनी दार उघडून दिलं होतं. भाऊसुद्धा नको म्हणत होता. आता ती जन्मभर रोज दूध पीत बसू शकत होती. तिला भीती वाटत होती, ती आताही होतीच. पोटावरच्या टाक्यांची, भूल दिल्यावर न उठण्याची. आणि तरीही तिला ते द्यायचं होतं. धाकट्याला द्यायचं होतं. हे तिच्या मनात आलं तेव्हा ते कधीपासून तिथेच बसलेलं असावं, असं तिला वाटलं. बाबांचा हुकूम त्याच्यासमोर उभा होता म्हणून दिसलं नव्हतं.

सरस वाळला. तिने हात सोडला, मग क्रूसाच्या मागे जाऊन बोल्ट घातला आणि आवळला. पुन्हा एकदा आवळून बघितला.

डॉक्टरीणबाईंची सर्दी अजून गेली नव्हती. "घरातून कुणी पाठवलं?" त्यांनी संशयाने विचारलं.

"कुणी नाही. घरी माहीतच नाही."

"मग काय बदललं?"

"तुम्ही नाही म्हणू दिलंत," ताई म्हणाली. "त्यामुळे मला विचार करता आला."

बाईंनी तिला बराच वेळ उलटसुलट विचारलं. शेवटी म्हणाल्या, "घरी काय सांगायचं? नव्याने तपासण्या केल्या, आता योग्य ठरलात, एवढं मी सांगू शकते. तुमचं झाकलेलं झाकलेलंच राहील."

ताईला मोह झाला. सगळं साधणार होतं. द्यायचंही होणार होतं आणि नावही राहणार होतं. पण मग हे दिलंय की काढून घेतलंय, ते धाकट्याला पुन्हा कधीच कळलं नसतं. "मी सांगते," ती म्हणाली.

बाबा कारखान्यात एका संताची दाढी कोरत होते. ताई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने सांगितलं. योग्य नसल्याचं खोटं होतं. मला विचारलं आणि मी नाही म्हटलं.

बाबांनी पटाशी खाली ठेवली. "माझ्यासमोर हो म्हणालीस."

"हो."

"आणि तिकडे जाऊन..." त्यांना वाक्य पुरं करता येईना. "मी तुला दूध देत होतो. तो तिकडे शुद्ध हरपून पडला. मेला असता तर?"

"तर मी मारलं असतं असं मला आयुष्यभर वाटलं असतं."

"वाटलं असतं काय, खरंच असतं ते." बाबा उठून खिडकीपाशी गेले. रागाने त्यांचे खांदे हलत होते. रागाने की कशाने, ते मागून कळत नव्हतं. "मग आता कशाला सांगतेस? माझ्या उरावर आणून टाकायला?"

"मी देणार आहे. परवा डॉक्टरीणबाईंना सांगून आले."

"मी म्हणालो होतो ना तेव्हा? तेव्हा का नाही?"

"तुम्ही म्हणाला होतात म्हणूनच असेल," ताई म्हणाली. "आता तुम्ही म्हणालेला नाहीत."

बाबा वळले नाहीत. ती स्वयंपाकघरात गेली.

जेवायला सगळे होते. बाबांनी भावजयीला आणि धाकट्याला काही सांगितलं नव्हतं. सगळं ताईनेच सांगितलं. भावजयीचा घास हातात राहिला. ती ताईकडे बघेना. तिला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता. ज्या दिवशी नवऱ्याची शुद्ध गेली त्या दिवशी हीच बाई तिला धरून रडली होती. ताईने तो राग बसल्या जागी सोसला.

मग बाबा खाकरले. त्यांनी पाणी प्यायलं, पेला ठेवला, पुन्हा उचलला. या माणसाने घरात आजवर सांगितलं होतं, बजावलं होतं, ठरवलं होतं. विचारण्याची वाक्यं कुठून सुरू करतात हेच त्याला माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी ताईकडे बघितलं, नीट तोंडाकडे.

"त्याला... देशील का तू?"

ताईने तोंडातला घास संपवला. बाबा वाट बघत होते. त्यांना वाट बघायची सवय नव्हती. तरी ती मुद्दाम थोडी थांबली, कारण तिला त्यांचा तो प्रश्न अजून जरा वेळ ऐकायचा होता.

"हो," ती म्हणाली.

"अरे, मला कुणी विचारणार आहे का?" धाकटा म्हणाला. मग त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "होयबाई, तू खरंच नाही म्हणून आली होतीस?"

"आले होते."

"तोंड उघडून? नाही?"

"नाही म्हणाले, आणि खाली जाऊन दोन पाव खाल्ले."

धाकटा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर रंग दिसला. "मग घेतो," तो म्हणाला. "आता घेतो." त्याने तिचा हात धरला, आणि हा हात तिला नकोसा झाला नाही. भावजय उठली, तिने ताईच्या ताटात वाढलं, आणि जागेवर जाऊन बसली.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने ताईची नखं तपासली. "नेलपॉलिश काढायचं असतं, ताई. सांगितलं नव्हतं का?"

"ते नेलपॉलिश नाही. रंग आहे. निघत नाही तो."

नर्सने घासून बघितलं, थोडं निघालं, बाकीचं सोडून दिलं. आतली खोली गार होती. टेबल अरुंद, आणि दोन्ही बाजूंना हात ठेवायला दोन फळ्या बाहेर आलेल्या. ताईने त्या फळ्यांकडे बघितलं. हात कुठे आणि कसे ठेवायचे, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. नर्सच्या हातात कातडी पट्टे होते.

"हे बांधते. हात हलू नयेत म्हणून."

"आत्ताच बांधावे लागतात?"

"भूल चढल्यावर बांधले तरी चालतात. पण हलणार नाही ना?"

"नाही," ताई म्हणाली.

ती टेबलावर आडवी झाली. खालून पाठीला टेबल गार आणि घट्ट लागत होतं. शेजारच्या खोलीत धाकट्याला आणल्याचा आवाज आला. तो कुणाशी तरी थट्टा करत होता. ताईने आधी उजवा हात लांब केला, मग डावा, आणि तळवे वर करून ठेवले. नर्सने पट्टे बाजूच्या ट्रेमध्ये ठेवून दिले.